रानकांदा आणि वऱ्हाडचा माळ : प्रस्तावना

ज्या वनस्पतीविषयी पुढील पाने लिहिली गेली आहेत ती दुर्मीळ नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. कारण संरक्षणाचा विषय निघाला की वाचकाच्या मनात सह्याद्रीच्या एखाद्याच कड्यावर उरलेल्या, नामशेष होऊ घातलेल्या एखाद्या सुकुमार फुलाची मूर्ती आपोआप उभी राहते, आणि रानकांदा त्या पंक्तीत बसणारा नव्हे. कोकणच्या जांभ्या दगडापासून दख्खनच्या मुरमाड माळापर्यंत, आणि महाराष्ट्राबाहेरही भारताच्या कितीतरी कोरड्या प्रदेशांत तो आढळतो; वैद्यांच्या निघंटूंत त्याला वनपलांडू व कोलकंद या नावांनी स्थान आहे; आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या गुराख्याला तो दाखवावा तर ‘यात काय पाहायचे?’ अशा मुद्रेने तो आपल्याकडेच पाहतो. असे असता एका जिल्ह्यापुरता, आणि त्यातही त्या जिल्ह्यातल्या नापीक म्हणून सोडून दिलेल्या जमिनीपुरता, या कंदाचा स्वतंत्र विचार करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील तर तो रास्तच आहे, आणि ही प्रस्तावना त्याच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी लिहिली आहे.

प्रथम त्याचे दर्शन. चैत्र-वैशाखात, जेव्हा पारा चाळिशीच्या पुढे जाऊन स्थिरावलेला असतो, गवत वाळून पिवळे-करडे पडलेले असते आणि सागाच्या फांद्यांवर पान म्हणून उरत नाही, तेव्हा मुरमातून एक निष्पर्ण, सरळ, बोटापेक्षा बारीक दांडा वर येतो आणि दीड-दोन फूट, क्वचित त्याहून अधिक उंच होतो. त्याच्या वरच्या भागात लांब देठांवर विरळ अंतराने फुले लटकलेली असतात; सहा पाकळ्या, मळकट हिरवट-तपकिरी रंग, प्रत्येक पाकळीच्या मधोमध एक गडद रेघ. दिवसा पाहिले तर सगळ्या कळ्या मिटलेल्या किंवा आदल्या रात्रीची फुले सुकून चिकटलेली, त्यामुळे हे झाड मेले आहे असेच वाटावे. परंतु ऊन कलल्यानंतर थोडा वेळ तेथेच बसून राहिले तर खालच्या बाजूच्या काही कळ्या उमलताना दिसतात. ते फूल एका रात्रीचेच असते, सकाळच्या उन्हात ते कोमेजून जाते. पुढे तीन धारांची बोंडे धरतात आणि त्यांतून काळ्या, चपट्या, कागदासारख्या पातळ कडांच्या बिया बाहेर पडून वळवाच्या वाऱ्याबरोबर उडतात. मृगाचा पाऊस पडल्यावर मग पाने येतात, लांब, पट्टीसारखी, जमिनीलगत पसरलेली. आणि पावसाळा सरता सरता तीही जातात. म्हणजे फूल पाहणाऱ्याला पान दिसत नाही आणि पान पाहणाऱ्याला फूल दिसत नाही, आणि वर्षातले कित्येक महिने तर यांपैकी काहीच दिसत नाही. त्या काळात सारा संसार भूमीखाली एका पांढऱ्या, पापुद्र्यांच्या, लिंबापासून मोठ्या कांद्याएवढ्या कंदात गुंडाळून ठेवलेला असतो. ज्याची गणना करावयाची ती वस्तूच वर्षातला बराच काळ अदृश्य राहते, ही अडचण या विषयाच्या मुळाशीच आहे.

कंद उकरून कापला तर कांद्यासारखेच पापुद्रे निघतात, परंतु डोळ्यांत पाणी येत नाही. त्याऐवजी एक बुळबुळीत, चिकट रस हाताला लागतो आणि थोड्याच वेळात बोटांच्या बेचक्यांत कंड सुटते. त्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते त्वचेत रुततात. चवीला तो अतिशय कडू असतो. गुरे त्याच्या पानांना तोंड लावीत नाहीत, शेळीसुद्धा बहुधा टाळते, आणि त्यामुळे जेथे चराई फार होऊन बाकीचे गवत नाहीसे झाले आहे तेथेही हा टिकून राहतो. हृदयावर परिणाम करणारी जी ग्लायकोसाइड नावाची द्रव्ये त्यात आहेत ती अल्प मात्रेत औषध आणि अधिक मात्रेत विष आहेत; भूमध्य समुद्राकाठच्या त्याच्या भाऊबंदाचा उपयोग युरोपात शतकानुशतके खोकल्यावर, जलोदरावर आणि उंदीर मारण्यावर होत आला, आणि ब्रिटिश अमदानीत त्या परदेशी कंदाला पर्याय म्हणून आमचा रानकांदा दवाखान्यांत शिरला. खेड्यापाड्यांत मात्र तो पायाला कुरूप झाले की निखाऱ्यावर भाजून बांधण्याचे साधन एवढ्याच नात्याने ओळखला जातो. कांद्यासारखा दिसतो म्हणून कोणी तो भाजीत चिरू नये, हे येथे लिहून ठेवणे प्रस्तावनाकाराचे कर्तव्यच आहे.

शास्त्रीय दप्तरात या वनस्पतीची नोंद प्रथम विल्यम रॉक्सबर्ग याने केली. त्याचा ‘फ्लोरा इंडिका’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी, १८३२ साली पूर्णरूपाने प्रसिद्ध झाला आणि त्यात हा कंद ‘सिला इंडिका’ या नावाने आला. कुंथ याने १८४३ साली त्याला ‘अर्जिनिया’त नेले आणि जेसप याने १९७७ साली ‘ड्रिमिया’त, आजचे मान्य नाव ‘ड्रिमिया इंडिका’. पलांडूच्या गोतातून त्याची अलीकडे शतावरीच्या कुळात रवानगी झाली आहे, आणि ही बदली सामान्य वाचकाला विनोदी वाटली तरी तिला वंशशास्त्राचा आधार आहे. परंतु आपल्या प्रयोजनाला याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. थिओडोर कुक याने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याचा जो सुप्रसिद्ध वनस्पतिकोश सिद्ध केला त्याची सरहद्द अजिंठ्याच्या डोंगरात खानदेशापाशी संपते. बुलढाणा तेव्हा वऱ्हाडात, आणि वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेले व १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेले. मध्य प्रांताच्या वनखात्याच्या याद्यांचे लक्ष साहजिकच इमारती लाकडाकडे. विट याने १९१६ साली उत्तर व वऱ्हाड वनमंडलांतील वनस्पतींची यादी छापली तीत वृक्ष, झुडपे व वेली यांना मान मिळाला, आणि लहान वनस्पतींपैकी ज्यांचा काही व्यापारी उपयोग होता तेवढ्याच आल्या. अशा रीतीने दोन प्रांतांच्या सीमारेषेवर पडलेल्या या मुलखाचे तृणकंद कोणाच्याच वाट्याला आले नाहीत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९९६ साली महाराष्ट्राच्या एकदल वनस्पतींचा खंड प्रसिद्ध केला, आणि दिवाकर व शर्मा यांचा खास बुलढाणा जिल्ह्याचा वनस्पतिकोश २००० साली निघाला, तेव्हा कुठे ही उणीव भरून निघाली. तथापि वनस्पतिकोश हा कोश असतो. कोणती वनस्पती या जिल्ह्यात आहे एवढे तो सांगतो, ती कोणत्या माळावर किती आहे व पंचवीस वर्षांपूर्वी किती होती हे सांगण्याचे काम त्याचे नव्हे.

आता जिल्ह्याकडे वळू. बुलढाण्याचे दोन ठळक भाग आहेत, आणि ते ओळखण्यास नकाशा लागत नाही. उत्तरेला पयनघाट, म्हणजे पूर्णेचे काळ्याभोर कपाशीच्या जमिनीचे खोरे, ज्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव आणि खामगावचा बराच भाग येतो. दक्षिणेला बालाघाट, म्हणजे अजिंठ्याच्या रांगेवरचे पठार, ज्यावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हे तालुके वसले आहेत आणि जेथून पैनगंगा उगम पावते. उत्तरेच्या टोकाला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याची उतरण पुन्हा डोके वर काढते. काळ्या खोल जमिनीत रानकांदा सहसा नसतो. तेथे नांगर फिरून पिढ्यान्‌पिढ्या लोटल्या. त्याची खरी वस्ती या दोन भागांच्या मधल्या घाटउतारावर आणि पठाराच्या कडेकडेने आहे, जेथे बेसाल्टचा खडक झिजून त्याचा मुरूम झाला आहे, वर हातभर माती नाही, पाणी पडते तसे निथळून जाते आणि विरळ सागवान, सालई, धावडा व मोकळे गवत यांचे मिश्रण आहे. बुलढाण्याहून बोथ्यामार्गे खामगावला उतरताना जे रान लागते ते याचा नमुना होय. ओलावा साठवून धरणारी जमीन या कंदाला मानवत नाही, तेथे तो सडतो. दाट सावलीही मानवत नाही. वणवा मात्र त्याला फारसा बाधत नाही, कारण आग वरून जाते आणि तो खाली असतो.

आणि येथेच खरी गोम आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने जी या कंदाची आदर्श भूमी, तीच महसुली दृष्टीने कसलाच आकार न बसणारी भूमी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडात मुंबई पद्धतीची पाहणी व जमाबंदी झाली, तेव्हा प्रत्येक सर्व्हे नंबरात जेवढे खडक, नाले, टेकाडे होती तेवढे क्षेत्र पोटखराब म्हणून वजा टाकण्यात आले व त्यावर सारा बसला नाही. वनखात्याने आपल्या ताब्यातील रानांचे अ, ब, क असे वर्ग पाडले, त्यात अ वर्ग लाकूडफाट्याचा, ब वर्ग वैरणीच्या राखीव कुरणांचा आणि क वर्ग चराईचा. आणि गावाच्या चराईसाठी राहिलेल्या सरकारी जमिनीला महसुलाच्या भाषेत ‘ई-क्लास’ हे जे नाव पडले ते आजही वऱ्हाडातल्या कोणत्याही तलाठ्याच्या तोंडी आहे. ज्या कारकुनांनी ही वर्गवारी केली त्यांच्या मनात फुलाचा विचार असण्याचे काही कारण नव्हते. पण परिणाम असा झाला की शंभर-सव्वाशे वर्षे या बरड तुकड्यांवर नांगर चालला नाही, आणि रानकांदा, काळी मुसळी, कळलावी, कुली व त्यांच्यासारखे इतर भूमिगत जीव तेथे निर्वेध नांदले. सरकारी दुर्लक्षासारखे दुसरे संरक्षण नाही, असे विधान कोणी केले तर ते चमत्कारिक वाटेल. पण या जिल्ह्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. अभयारण्य होण्याच्या कितीतरी आधीपासून या कंदांचे खरे अभयारण्य म्हणजे सात-बाराच्या उताऱ्यावरचा पोटखराबाचा रकाना होता.

तो रकाना आता रिकामा होत चालला आहे. जमीन सपाट करणारी यंत्रे भाड्याने मिळू लागल्यापासून जे टेकाड बैलाच्या नांगराला दाद देत नव्हते ते दोन दिवसांत वावर होते; आणि शेतकऱ्याने असे क्षेत्र वहितीखाली आणले तर ते लागवडीयोग्य म्हणून दप्तरी दाखल करून घेण्याची वाट शासनाने २०१८ सालच्या नियमदुरुस्तीने मोकळी करून दिली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर या दुरुस्तीत गैर काही नाही. ज्या जमिनीत त्याने पैसा आणि घाम घातला तिच्यावर त्याला पीककर्ज व विमा मिळू नये, हा अन्यायच होता. आणि एका कडू कंदासाठी त्याने वावर पडीत ठेवावे असे सांगण्याचा अधिकार शहरात बसून लिहिणाऱ्यास नाही. तरी हिशेब हिशेबाच्या जागी मांडला पाहिजे, आणि तो असा की खासगी पोटखराब जसजसा घटेल तसतशी या कंदाची सारी भिस्त सार्वजनिक जमिनीवर, म्हणजे ई-क्लास व वनखात्याच्या जमिनीवर, येऊन पडणार.

ई-क्लासची अवस्था कोणापासून लपलेली नाही. काही अतिक्रमणाखाली गेली, काही गावठाणाच्या विस्ताराला, शाळेला, पाण्याच्या टाकीला, स्मशानभूमीला दिली गेली, आणि जी उरली तिच्यातून मुरूम निघतो. रस्ता म्हटला की मुरूम आला. मेहकर व सिंदखेड राजा तालुक्यांतून नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग गेला, राज्य व राष्ट्रीय महामार्ग रुंदावले, आणि या सगळ्याला भरावासाठी जे लागते ते डोंगराच्या पायथ्यालाच मिळते. येथे एका गोष्टीचे श्रेय मोकळ्या मनाने द्यावयास हवे. महामार्गाच्या भरावासाठी तलाव व नाले खोल करून तेथला गाळ-मुरूम वापरण्याची जी रीत ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने देशभर गाजली, ती पाण्यासाठी योजलेली होती; पण तिच्यामुळे जेवढा मुरूम तलावाच्या पोटातून निघाला तेवढा टेकड्यांच्या अंगावरून काढावा लागला नाही, आणि हा लाभ त्या योजनेच्या जमाखर्चात कोणी धरलेला दिसत नाही. या उलट ज्या कामाला सर्वजण पुण्यकर्म मानतात त्या वृक्षलागवडीने आणि सलग समतल चरांनी माळाचे नुकसान होऊ शकते, हे सांगितले की श्रोते रागावतात. उघडा गवताळ माळ म्हणजे उजाड झालेले जंगल, ही समजूत इतकी खोल रुजली आहे की तेथे खड्डे घेऊन गिरिपुष्प लावले की हिरवळ वाढली असे अहवालात येते. खड्ड्याबरोबर कोण उकरले गेले आणि पुढे सावलीत कोण गुदमरले, याचा रकाना त्या अहवालात नसतो. पाणी अडवू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ज्या जिल्ह्यात पाऊस जेमतेम सातशे-आठशे मिलिमीटर पडतो आणि उन्हाळ्यात टँकर फिरतात तेथे असे म्हणणारा माणूस मूर्ख ठरेल. चर कोठे घ्यावयाचा हे ठरविण्यापूर्वी वैशाखात एकदा त्या उतारावर दांडे उभे आहेत काय हे पाहावे, इतकीच सूचना.

दुसरे भय खोदाईचे. फळ तोडले तर झाड राहते, पाला ओरबाडला तर पुन्हा फुटतो. कंद उपटला की सगळेच संपले. त्यातही औषधशास्त्राच्या जुन्या पुस्तकांनी असा दंडक घालून दिला आहे की हा कंद फुलोरा ओसरताच काढावा, वरचे कोरडे पापुद्रे सोलून काप करावेत व वाळवावेत. म्हणजे नेमका बी धरण्याच्या वा उडण्याच्या सुमारास तो जमिनीबाहेर येतो. सुदैवाने आज रानकांद्याला मोठा बाजारभाव नाही. परंतु बाजारभाव आल्यावर काय होते याचे उदाहरण शेजारीच घडले आहे. सांतापाव आणि फर्नांडिस यांनी बोरिवलीच्या नावाने जिचे शास्त्रीय नामकरण केले ती सफेद मुसळी शक्तिवर्धक म्हणून मागणीला चढली, तेव्हा सातपुड्यातल्या रानांतून ती पोत्यांनी बाहेर पडली. मागाहून तिची लागवड करा असा प्रचार झाला, विदर्भातल्या अनेक शेतकऱ्यांनी महागडे बेणे घेतले, आणि भाव कोसळल्यावर ते बेणे त्यांच्याच गळ्यात आले. एकाच वस्तूने रानही लुटले आणि शेतकरीही नागवला.

कायद्याने काय दिले आहे, हेही थोडक्यात पाहू. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्यात वनस्पतींचे प्रकरण १९९१ च्या दुरुस्तीने घातले गेले आणि तेव्हा संरक्षित म्हणून ज्या सहा वनस्पती अनुसूचीत आल्या त्यांत आमच्या माळावरचा एकही कंद नव्हता. अभयारण्यांच्या हद्दीत मात्र कोणतीही वनस्पती उपटणे गुन्हा आहे, आणि त्या दृष्टीने १९९७ साली झालेली ज्ञानगंगा व अंबाबरवा ही अभयारण्ये आणि २००० सालचे लोणारचे छोटे अभयारण्य यांचे महत्त्व मोठे. ज्ञानगंगेचे क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. तेथे लोक अस्वल पाहावयास जातात. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेकडो कोस चालत तेथे येऊन राहिला तेव्हा तर वृत्तपत्रांत त्या रानाचे नाव रोज झळकत होते. वाघासाठी राखलेल्या जमिनीत कंद फुकटात राखला जातो, हे खरेच. परंतु माळावरचा कंद आणि दाट रानातला वाघ यांच्या गरजा एकच नाहीत, आणि अभयारण्याचा कारभार जर मोकळ्या जागा झाडांनी भरून काढण्याकडे झुकला तर कुंपणाच्या आतही या फुलाला जागा अपुरी पडेल. लोणारचे सरोवर २०२० साली रामसर यादीत गेले. विवराच्या उतारांवर वेड्या बाभळीचा जो शिरकाव झाला होता त्याचा बंदोबस्त तेथे सुरू आहे, आणि तेथल्या मूळच्या तृणकंदांना तो उपकारकच ठरेल.

मग या वनस्पतीची स्थिती नेमकी काय म्हणावयाची? संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत जातींना वर्ग दिले जातात, आणि तो वर्ग संपूर्ण जातीचा असतो. उपखंडभर पसरलेल्या जातीतून एका जिल्ह्याचा अंश गळाला तर त्या तराजूचा काटा हलत नाही. पण रानकांद्याच्या बाबतीत जात या शब्दाखाली जे झाकले जाते ते क्षुल्लक नाही. या कंदाच्या गुणसूत्रांची मूळ संख्या दहा. कोठे वीस गुणसूत्रांच्या वनस्पती आढळतात, कोठे तीस, कोठे चाळीस, आणि बाह्यरूपावरून त्या सहसा वेगळ्या ओळखता येत नाहीत. त्यांतल्या तीस गुणसूत्रांच्या, म्हणजे त्रिगुणित, वनस्पतींत बी नीट धरत नाही. त्यांचा वंश बाजूला फुटणाऱ्या पिल्लकंदांवर चालतो. अशा वनस्पतींचा एखादा ताटवा मुरमाबरोबर डंपरमध्ये गेला तर शेजारच्या टेकडीवरून वाऱ्याने बी येऊन तो पुन्हा उभा राहणार नाही; जे गेले ते त्या ठिकाणापुरते कायमचे गेले. कोणत्या माळावर कोणते वाण आहे याची तपासणी झाल्याशिवाय ‘सर्वत्र आढळतो’ या दोन शब्दांवर निश्चिंत राहणे धोक्याचे आहे. आमच्या मते बुलढाण्यापुरता निर्वाळा असा द्यावा की जातीला आज संकट नाही, तिच्या वस्तीला आहे. आणि म्हणून नोंद कंदांची करण्यापेक्षा माळांची करावी.

पुढील पानांत हीच पद्धत धरली आहे. प्रत्येक माळाचे वर्णन करताना खडक, मातीची खोली, उताराची दिशा, चराई, वणवा, शेजारचे पीक आणि जमिनीचा महसुली दर्जा यांची नोंद आहे, आणि दांड्यांची मोजणी एप्रिल-मे महिन्यांत, पानांची पडताळणी ऑगस्टात केली आहे. कारण केवळ फुले मोजली तर ज्या कंदांनी त्या वर्षी दांडा काढला नाही ते सुटतात, आणि केवळ पाने मोजली तर दुसऱ्या कंदांशी घोटाळा होतो. गावांची नावे दिली आहेत, गट क्रमांक मात्र मुद्दामच गाळले आहेत. ते जैविक विविधता अधिनियम २००२ अन्वये ग्रामपंचायतीत स्थापन व्हावयाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत असावेत हे उचित. ती नोंदवही गावच्या ताब्यात असते, आणि कोणी व्यापारी कंद न्यावयास आला तर त्याला काय विचारावयाचे आणि किती शुल्क लावावयाचे हे ठरविण्याचा अधिकारही त्याच कायद्याने त्या समितीला दिला आहे. ज्या गावांत ही नोंदवही केवळ मुदत गाठण्यासाठी भरली गेली, तेथे ती पुन्हा उघडून पोटखराब व ई-क्लासच्या तुकड्यांसाठी एक पान वाढवून घ्यावे, आणि ते पान भरण्याचे काम गुरे राखणाऱ्यांना विचारून करावे.